मोकळी जमीन

शनिवारी चार वाजता, वामकुक्षी आटोपून
गल्ली आपली दुकानं पुन्हा उघडते
तेव्हा दत्तवाडीत, रेशन दुकानाच्या वरच्या खोलीत
मी अमेरिका उघडते.
सतरंजी एक, मुलं अकरा.
पंखा तीनवरच चालतो, बाकीचे आकडे शोभेचे.

पुस्तक जाडजूड, गुळगुळीत,
कुणाच्या तरी न्यू जर्सीच्या भाच्यानं
सामान हलकं करताना दिलेलं.
इंग्रजी त्याचं, मराठी माझी,
मधली दरी हातवाऱ्यांनी बुजवायची.

ज्या साली शनिवारवाड्यात
‘काका, मला वाचवा’ अशी हाक उठली म्हणतात
(हे त्यांना पाठ; भिंतीला कान लावून आलेत सगळे)
त्याच सालच्या डिसेंबरात, मी सांगते,
बोस्टन नावाच्या बंदरात
रात्री माणसं जहाजांवर चढली
आणि चहाच्या तीनशे बेचाळीस पेट्या
फोडून समुद्रात ओतल्या.

“ओतल्या?”
हितेन ओझा उठून उभा.
कोपऱ्यावरचं अमृततुल्य त्याच्या बापाचं,
पितळी खलबत्त्यात वेलदोडा कुटत वाढलेलं पोर.
“गार पाण्यात? खाऱ्या?”
त्याला कर कळतो, राजा कळतो,
कंपनी तर चांगलीच कळते,
तीच ती, पुढे आपल्याकडे येऊन बसलेली.
पण उकळी न फुटलेला एवढा चहा
त्याच्या कुठल्याच इतिहासात बसत नाही.

“आणि तोंडाला काजळी कशाला?” अन्वर तांबोळी चित्रावर वाकून.
ओळखू येऊ नये म्हणून.
तिथल्या मूळ लोकांचा वेश केला होता त्यांनी.
“म्हणजे पकडले गेले असते, तर नाव त्यांचं?”
याचं उत्तर पुस्तकात नाही.
चित्रात चंद्र मात्र फार सुंदर आहे.

मी पानं मागं उलटते, काही सोपं सापडेल म्हणून.
सापडतं. एका आळ्यात तीन बिया:
मक्याच्या ताटावर घेवडा चढतो,
भोपळा खाली पसरून ओल धरून ठेवतो.
हे मूळ लोकांनी पाहुण्यांना शिकवलं.
मिरचीसुद्धा त्याच बाजूची बरं का.
“मग आधी आपण ठेचा कशाचा करायचो?”
अकरा जण, अकरा मतं. पुणंच हे.
गोंगाट निवू देते, पुढचं वाक्य वाचते:
नंतर आणखी जहाजं आली.
समोर अफाट मोकळी जमीन पसरली होती.

“मोकळी?”

दाराजवळून. यशोधरा खुडे.
वस्ती उठल्यापासून हडपसरला सातव्या मजल्यावर राहते,
शनिवारी स्वारगेटला बस बदलून येते
आणि चपला जवळच ठेवते.
“आमच्या ओढ्याकाठालापण तेच लिहिलेलं, मॅडम,
कागदावर. मोकळी जागा.
आम्ही आत जेवत होतो.”

मी इंग्रजी शब्द पुन्हा पाहते.
डोळे बारीक करून पाहते.
दुसरा अर्थ निघत नाही.

भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे:
पुस्तकात काहीही लिहू नये. दंड पाच रुपये.
सबब चालणार नाही.
मी पर्समधून पेन्सिल काढून तिला देते.
ती लिहीत नाही. गुडघ्यावर पुस्तक घेते,
कोरी हिरवी टेकडी निरखून बघते,
मग बराच वेळ पंख्याचाच काय तो आवाज.

सहाच्या बससाठी ती पळाल्यावर
मी डब्यात पाच रुपये टाकते. खण्ण.
आणि पान उघडते.
टेकडीवर धूर. एक, दोन, मोजता येत नाहीत इतके.
दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी, बहुतेक गोधडी.
एक कुत्रं, शेपूट पानाबाहेर.
आणि पार किनाऱ्याला, जहाजांच्या वाटेवरच,
हितेननं हट्टानं काढून घेतलेली असणार:
टपरी, किटलीसकट.